रिपोर्टमधलं 'नेक्रोसिस': गाठ आतून मेली असेल तर चांगलंच ना?

पागोळी
नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

बाबांची (वय 67) डावी किडनी तीन आठवड्यांपूर्वी काढली. गाठ साडेसहा सेंटिमीटरची होती. परवा टाके काढायला गेलो तेव्हा रिपोर्ट हातात पडला. क्लिअर सेल कार्सिनोमा (किडनीच्या कॅन्सरचा प्रकार), ग्रेड 3, स्टेज पीटी3ए, मार्जिन (कापलेल्या कडा) मोकळी. आणि खाली एका ओळीत 'ट्यूमर नेक्रोसिस : प्रेझेंट, सुमारे 20 टक्के', म्हणजे गाठीचा तेवढा भाग मेलेला. ओपीडी तुडुंब. सर्जन म्हणाले, "मार्जिन क्लिअर आहेत, पुढच्या बुधवारी निवांत बोलू."

ती ओळ वाचून मला चक्क आनंद झाला होता. माझ्या मावसभावाच्या मुलाला मांडीच्या हाडाचा कॅन्सर होता. आधी केमो, मग ऑपरेशन, आणि रिपोर्टमध्ये '98 टक्के नेक्रोसिस'. डॉक्टरांनी स्वतः फोन करून कळवलं, मावशीने सगळ्या मजल्यांवर पेढे वाटले. पोरगा आता कॉलेजला जातो. त्यामुळे नेक्रोसिस म्हणजे पेढे, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. बाबांनाही सांगून टाकलं, की गाठीचा पाचवा हिस्सा आधीच मेला होता.

रात्री गुगल केलं आणि झोप उडाली. किडनीच्या गाठीत नेक्रोसिस असणं वाईट, असं सगळीकडे लिहिलंय. जे मेलंय ते वाईट कसं? कुणी नीट सांगेल का? आणि बाबांना आता काय सांगू?

कोकमसरबत
ताई, आधी काळजी घ्या, रात्री दोनला गुगल करू नका. मार्जिन मोकळी आहे ही मोठी गोष्ट. इथे काचपट्टी म्हणून एक डॉक्टर आहेत, त्या या विषयातल्याच. त्यांना हाक मारते.

बारभाई
स्पष्ट बोलतो, राग नको. आमच्या आत्याला सुई टोचली आणि सहा महिन्यांत सगळीकडे पसरला. हवा लागली, चाकू लागला की कॅन्सर चवताळतो. जुनी माणसं उगीच सांगत नव्हती.

काचपट्टी
पागोळी, मी पॅथॉलॉजिस्ट आहे. बावीस वर्षं गाठी कापते आणि स्लाइडी बघते. तुमच्या बाबांची स्लाइड मी पाहिलेली नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल भाकीत करणार नाही. पण तुमचा गोंधळ सोडवता येईल, आणि तो डॉक्टरकी शिकणाऱ्या पोरांचाही होतो.

दोन्ही रिपोर्टांत शब्द एक आहे, प्रश्न मात्र वेगळे. भाच्याच्या रिपोर्टमध्ये विचारलंय : औषधाने गाठीचा किती भाग मारला? हाडाच्या त्या कॅन्सरमध्ये केमोनंतर 90 टक्के किंवा जास्त नेक्रोसिस असेल तर औषध लागू पडलं असं धरतात. पेढे रास्तच होते. तुमच्या बाबांना मात्र ऑपरेशनआधी कसलंच औषध दिलेलं नव्हतं. ती गाठ आतून मेली ती स्वतःच्याच अधाशीपणाने. वाढ इतकी भरभर, की रक्तपुरवठा मागे पडला आणि मधल्या पेशी उपाशी मेल्या. म्हणून उपचाराआधीचं नेक्रोसिस ही गाठीच्या स्वभावाची खूण समजतात. किडनीच्या कॅन्सरसाठी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने 2002 मध्ये जी गुणपद्धत काढली, तिच्यात स्टेज (किती पसरलाय), आकार, ग्रेड (पेशी किती बिघडलेल्या दिसतात) आणि नेक्रोसिस या चारच गोष्टी आहेत. मेंदूच्या ग्लिओमा या गाठीतही नेक्रोसिसमुळे ग्रेड वर जाते. स्नायू-चरबीच्या सार्कोमात तर त्याचे वेगळे गुण मोजतात.

ही मेलेली जागा दिसते कशी, तेही सांगते, कारण माझ्या मते ते डोळ्यांसमोर आलं की बाकीचं पटतं. किडनी मधोमध चिरली की निरोगी भाग तपकिरी, ओला, चकचकीत. क्लिअर सेलची गाठ पिवळीधमक, पिकल्या हापूसच्या फोडीसारखी, कारण पेशींत चरबी ठासून भरलेली असते. त्यात रक्तस्रावाचे लाल-काळे डाग. आणि मध्येच एक पट्टा असा, की पिवळेपणा उतरून मळकट पांढरा झालाय, चकाकी गेलीय, सुरीच्या टोकाला भुगा लागतो. दूध नासल्यावर फडक्यात उरतो ना चोथा, अगदी तसा. सूक्ष्मदर्शकाखाली तिथे पेशींच्या नुसत्या गुलाबी सावल्या दिसतात, केंद्रकाचा निळा ठिपका गायब.

नवख्या रेसिडेंटला मी पहिल्यांदा सांगते, तुकडा चोथ्याच्या मधून घेऊ नकोस, काठावरून घे. मधल्या भागात वाचण्यासारखं काही उरलेलं नसतं. जे घडत असतं ते काठावर.

बारभाई, तुमच्या आत्यांबद्दल वाईट वाटलं. पण सुई टोचल्यामुळे सहा महिन्यांत सर्वत्र पसरला, असं होत नाही. सुईच्या मार्गावर पेशी पेरल्या जाण्याचे प्रकार क्वचित घडतात, त्याची काळजीही घेतात. बहुतेक वेळा बायोप्सी होते तेव्हाच आजार पुढे गेलेला असतो. एक गंमत मात्र याच विषयाची आहे. सुई नेमकी मेलेल्या भागात गेली तर 'फक्त नेक्रोटिक टिश्यू, पुन्हा बायोप्सी करा' असा रिपोर्ट द्यावा लागतो, आणि नातेवाईक आमच्यावर भडकतात. परत टोचावं लागतं म्हणजे पसरवताहेत, असा समज होतो.

बालाघाटी
वाचतोय. 'काठावर घडतं' म्हणजे नेमकं काय घडतं? मेलेला भाग काय करतो, की नुसता पडून असतो?

चार्ल्सकाठ
याला मी उत्तर देऊ का? मी बोस्टनजवळ कॅन्सरच्या एका प्रयोगशाळेत काम करतो. डॉक्टर नाही, उंदीरवाला आहे.

आधी अंतराचं गणित. रक्तवाहिनीतून निघालेला ऑक्सिजन पेशींच्या गर्दीत फार लांब पोचत नाही. 1955 मध्ये इंग्लंडमध्ये थॉम्लिन्सन आणि ग्रे या दोघांनी फुप्फुसाच्या कॅन्सरचे काप मोजले. पेशींच्या दोरखंडासारख्या रांगा होत्या. त्रिज्या साधारण 0.16 मिलिमीटरच्या आत असली तर मध्ये नेक्रोसिस नाही, 0.2 च्या वर गेली की हमखास आहे. म्हणजे जिवंत आणि मेलेला यांत जेमतेम दोन केसांच्या जाडीचं अंतर.

आता त्या सीमेवरच्या पेशींचा विचार करा. मेल्या नाहीत, पण गुदमरताहेत. अशा वेळी पेशीत एचआयएफ नावाचं प्रथिन साठतं आणि ते पुष्कळ जनुकं चालू करतं : नव्या रक्तवाहिन्या मागवा, साखर वेगळ्या पद्धतीने जाळा, चिकटून बसणं सोडा. पेशीला ऑक्सिजनची कमतरता कशी कळते, या शोधासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना 2019 चं नोबेल मिळालं. पागोळी, तुमच्या बाबांच्या प्रकारात आणखी एक भानगड आहे. क्लिअर सेलमध्ये बहुतेक वेळा व्हीएचएल हे जनुकच बिघडलेलं असतं, आणि एचआयएफला मोडीत काढण्याचं काम त्याचं. ते बिघडलं की ऑक्सिजन असला तरी भोंगा वाजतच राहतो.

दुसरं, पेशी कशी मेली यावर बरंच ठरतं. शिस्तीत मरणं म्हणजे अ‍ॅपॉप्टोसिस. हे नाव 1972 चं, ग्रीकमध्ये पानगळ. पेशी स्वतःला आवरून घेते, पुड्या बांधते, शेजारच्या पेशी त्या गिळून टाकतात. नेक्रोसिसमध्ये पेशी फुटते आणि आतलं सगळं बाहेर सांडतं. त्यातल्या काही गोष्टी शरीराला जखमेच्या हाकेसारख्या वाटतात. मग दाह, नव्या रक्तवाहिन्या, सूज. नुसतं पोटॅशियमसुद्धा गप्प बसत नाही. 2016 मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात आलेल्या कामात दिसलं, की मेलेल्या पेशींतून सांडलेल्या पोटॅशियमने गाठीतल्या टी पेशी, म्हणजे आपले शिपाई, ढिले पडतात.

कोकमसरबत
मग केळी बंद करायची का? (खरंच विचारतेय, सासूबाई शेजारी बसून वाचताहेत.)

चार्ल्सकाठ
नाही हो! हा गाठीच्या आत, पेशींच्या फटींत साठलेल्या पोटॅशियमचा मामला आहे. केळ्याचा काही संबंध नाही. सासूबाईंना नमस्कार.

आता मूळ मुद्दा. मीही शिकलो ते असं, की कॅन्सर बाहेरच्या कडेने पसरतो. गाठीची कड शेजारच्या मांसात घुसते, तिथून रक्तात. पण सिअ‍ॅटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रातल्या अ‍ॅमी यामामोटो, केव्हिन च्युंग आणि सहकाऱ्यांनी 2023 मध्ये एक काम छापलं. रॅटमध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या गाठी वाढवल्या आणि रक्तात पेशी कधी व कुठून येतात ते पाहिलं. गाठ लहान असताना फारशा येत नव्हत्या. मधला भाग मरायला लागला तेव्हा पेशी, त्यातही पेशींचे झुबके, रक्तात दिसू लागले. आणि त्या आतून येत होत्या, मेलेल्या गाभ्याच्या काठावरून. तिथल्या रक्तवाहिन्या फुगून रुंद झालेल्या, पेशी त्यांच्यात शिरलेल्या.

त्या काठावरच्या पेशी अँजिओपॉइटिन-लाइक 7 नावाचं प्रथिन बनवत होत्या. ते बंद केलं तर मेलेला गाभा आक्रसला, रक्तवाहिन्या तेवढ्या फुगल्या नाहीत, रक्तातले झुबके आणि फुप्फुसातल्या गाठी खूप कमी झाल्या. म्हणजे गाभा मरतो आणि योगायोगाने पसरतो, असं नव्हतं. मरण्याची जागा हीच निसटण्याची वाट होती.

झुबक्यांचं महत्त्व वेगळं. 2014 मध्ये उंदरांत दिसलं होतं, की एकट्या पेशीपेक्षा झुबक्याची दुसरीकडे रुजण्याची ताकद 23 ते 50 पट असते.

बालाघाटी
आता समजलं. आमच्याकडे 72 चा दुष्काळ बघितलेली माणसं सांगतात : गाव ओस पडलं म्हणजे गाव मेलं, पण माणसं मेली नव्हती. जी चिवट होती ती पोरंबाळं घेऊन, टोळीने, मुंबई-पुण्याला निघून गेली आणि तिथे रुजली. मागे राहिली ती पडकी घरं. तसंच ना हे?

काचपट्टी
उपमा चांगली आहे, एक दुरुस्ती करून वापरा. माणसं ठरवून निघतात. पेशी काही ठरवत नाही. उपासमारीत ज्या पेशींची घडण आधीपासून तग धरणारी होती त्या उरतात, बाकीच्या मरतात. आणि वाट नेमकी त्याच ठिकाणी उघडलेली असते. नातेवाइकांशी बोलताना 'कॅन्सर हुशार आहे' असं म्हणायचं मी मुद्दाम टाळते. रुग्ण खचतो.

आणि चार्ल्सकाठ, सांभाळून. रॅटच्या स्तनातली गाठ आणि 67 वर्षांच्या माणसाची किडनी यांत अंतर आहे. यावरचं औषध आज कुठल्याही केमिस्टकडे नाही.

चार्ल्सकाठ
मान्य. सगळं उंदरा-रॅटमधलं. पण दिशा दिसते. 2025 मध्ये 'नेचर'मध्ये आणखी एक काम आलं, अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेशी संबंधित गटाचं. तिथे गुन्हेगार न्यूट्रोफिल निघाले, म्हणजे जखमेत पू करणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्या स्वतःच्या डीएनएची जाळी टाकतात. त्या जाळ्यांचे गठ्ठे गाठीतल्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकून वाहिनी तुंबते, पलीकडचा भाग मरतो आणि काठावरच्या पेशी जास्त आक्रमक होतात. जाळी होऊ दिली नाही तर उंदरांत नेक्रोसिस आणि फुप्फुसातला फैलाव दोन्ही कमी. म्हणजे गाठ नेहमी उपाशीच मरते असं नाही, कधी नळ तुंबूनही मरते.

निसर्गमित्र_64
एवढं सगळं वाचून एकच निष्कर्ष निघतो. पेशी मारल्या की कॅन्सर पसरतो. मग केमो आणि रेडिएशन काय करतात? पेशीच मारतात! मी हेच दहा वर्षं सांगतोय. शरीराला स्वतः बरं होऊ द्या. माझ्याकडे एका काढ्याची कृती आहे, व्यनि करा.

काचपट्टी
काका, हा मुद्दा काढाल हे माहीत होतं, आणि त्यात अर्धा दाणा खरा आहे म्हणून नीट उत्तर देते.

1956 मध्ये रेवेझ यांनी दाखवलं, की रेडिएशनने मारलेल्या पेशी जिवंत कॅन्सरपेशींत मिसळून टोचल्या तर जिवंत पेशी जास्त जोमाने वाढतात. 2011 मध्ये त्याचं एक कारण सापडलं : मरणाऱ्या पेशींत जे कॅस्पेस 3 हे एन्झाइम चालू होतं, त्याच्यामुळे प्रोस्टाग्लँडिन ई2 हे रसायन सुटतं आणि शेजारच्या जिवंत पेशींना वाढीचा इशारा मिळतो. म्हणजे मेलेली पेशी मुकी नसते, हे उपचारांतही खरं आहे.

पण हिशेब पूर्ण मांडा. पागोळीच्या भाच्याला जो आजार झाला त्याचाच मांडू. केमो यायच्या आधी त्यात नुसता पाय कापायचे. पाचांतली चार मुलं तरीही पुढे फुप्फुसात गाठी होऊन दगावत. 1970 नंतर केमो आली. आता आजार पसरलेला नसेल तर दहातली सहा-सात मुलं जगतात, बहुतेकांचा पायही वाचतो. मेलेल्या पेशींनी काय इशारे दिले असतील ते धरूनच हा आकडा आहे. शिवाय काही औषधांनी पेशी अशा मरतात, की शरीराची प्रतिकारशक्ती उलट जागी होते. मृत्यू कसा होतो त्यावर इशारा ठरतो.

काढ्याची कृती इथेच टाका, सगळ्यांसमोर. व्यनि कशाला?

निसर्गमित्र_64
तुम्हा ॲलोपॅथीवाल्यांशी वाद नाही घालायचा मला. असो.

आगाशी_लोकल
मरणाऱ्या पेशींवरून आठवलं. ती टाटाची 100 रुपयांची गोळी याचीच ना? फॅमिली ग्रुपवर अजून महिन्यातून एकदा येते. माझ्या काकांनी तांब्याच्या लोट्यातून पाणी आणि काळी द्राक्षं सुरू केलीत, म्हणे तेच आहे त्यात.

काचपट्टी
हो, विषय शेजारचाच. फेब्रुवारी 2024 मध्ये टाटा हॉस्पिटलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांनी मुलाखतीत सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या ओपीडीतल्या मावशींनीही ती गोळी मागितली. मूळ काम टाटाच्याच खारघरच्या केंद्रातल्या डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाचं, बरीच वर्षं चाललेलं. त्यांचं म्हणणं असं, की मरणाऱ्या पेशी फुटतात तेव्हा क्रोमॅटिनचे, म्हणजे डीएनए आणि प्रथिनांच्या गुंत्याचे, कण बाहेर पडतात. ते निरोगी पेशींत शिरून तिथे बिघाड करतात. रेझव्हेराट्रॉल (द्राक्षांत असतं ते) आणि तांबं एकत्र दिलं तर तयार होणारे ऑक्सिजनचे कण या क्रोमॅटिनचा नाश करतात.

हे वरच्या सिअ‍ॅटलच्या कामाहून वेगळं आहे. तिथे मेलेल्या भागाच्या काठावरून जिवंत पेशी निसटतात. इथे मेलेल्या पेशीचे अवशेषच दोषी धरलेत. फैलाव रोखण्याचा भाग उंदरांवरच्या प्रयोगांतून आलाय. माणसांवर छोटे अभ्यास झालेत, त्यांचा रोख मुख्यतः उपचारांच्या दुष्परिणामांवर होता. बातम्यांत मात्र 'कॅन्सर परत न येण्याची गोळी' झाली. मला कल्पना कुतूहलाची वाटते, बातमी फार उतावीळ वाटली. काकांना लोट्याने अपाय होणार नाही, पण तांब्याच्या गोळ्या मनाने घेऊ देऊ नका, तांबं अंगात साठलं तर यकृताला भोवतं.

बारभाई
काचपट्टी मॅडम, सुईचं पटलं. पण ऑपरेशनच्या वेळी चाकूने पेशी सुटत असतील की नाही?

काचपट्टी
सुटत असतील, ही शंका सर्जनांनाही होती. त्यासाठीच टाटाच्या पुढाकाराने भारतातल्या 11 केंद्रांत अभ्यास झाला, 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे 1600 बाया. निम्म्यांना गाठ काढायच्या 7 ते 10 मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचलं, दात काढताना देतात तेच भुलीचं औषध. पाच वर्षांनी हयात असलेल्या बाया 86.4 टक्क्यांवरून 90.1 टक्के झाल्या. स्वस्त औषध, साधी सुई. पण बारभाई, शंकेत तथ्य दिसलं म्हणून कुणी ऑपरेशन सोडलं नाही, ते अधिक नीट केलं.

चार्ल्सकाठ
अवांतर होईल, पण किडनीवाल्यांसाठी : रक्तपुरवठा तोडून गाठ उपाशी मारायची औषधं आहेत, सुनिटिनिब वगैरे. 2009 मध्ये उंदरांवरच्या दोन कामांत दिसलं, की उपासमारीने काही गाठी उलट जास्त घुसखोर होतात. माणसांत मात्र पसरलेल्या किडनी कॅन्सरला याच औषधाने आजार पुष्कळ काळ रोखून धरला. प्रयोगशाळेत बसून मी रोज विसरतो ती गोष्ट हीच.

पागोळी
सगळ्यांचे आभार. तीनदा वाचून काढलं. मला इतकंच समजून हवं होतं, की एकच शब्द दोन घरांत दोन बातम्या का आणतो. पण आता बाबांचं काय? मेलेला भाग तर किडनीबरोबर गेला ना बाहेर?

काचपट्टी
गेला. मेलेला भाग, त्याचा काठ, फुगलेल्या रक्तवाहिन्या, सगळं बरणीत आलं. प्रश्न उरतो तो एवढाच, की ऑपरेशनच्या आधी काही पेशी निसटल्या होत्या का. ते एका ओळीवरून कळत नाही, म्हणून ती ओळ स्टेज, आकार आणि ग्रेड या बाकीच्या तीन गोष्टींबरोबर वाचायची. बुधवारी तीन प्रश्न कागदावर लिहून न्या. एक, चारही गोष्टी मिळून धोका किती धरताय? दोन, छाती-पोटाचा सीटी किती महिन्यांनी? तीन, ऑपरेशननंतर इम्युनोथेरपीचा, म्हणजे प्रतिकारशक्ती जागी करणाऱ्या औषधाचा, उपयोग होईल का? पीटी3ए मध्ये हा प्रश्न विचारायलाच हवा. पेम्ब्रोलिझुमॅब या अशाच औषधाच्या मोठ्या चाचणीत अशा रुग्णांचं आयुष्य वाढलेलं दिसलंय. खर्च लाखांत जातो, तेही स्पष्ट विचारा, लाजू नका.

पागोळी
बुधवारी जाऊन आलो. यावेळी डॉक्टर चांगले वीस मिनिटं बोलले. रिपोर्टच्या मागे किडनीचं चित्र काढून चरबीत गाठ कुठे शिरली होती ते दाखवलं. धोका 'मध्यमच्या वर' धरलाय. तीन महिन्यांनी सीटी. इम्युनोथेरपीसाठी ऑन्कोलॉजिस्टकडे पाठवलंय, पुढच्या सोमवारी भेट आहे.

बाबांना मी रविवारीच सांगितलं होतं, की ते पाचव्या हिश्शाचं मी चुकीचं बोलले. ते पेपर वाचत होते. म्हणाले, "मला तेव्हाच कळलं होतं, तू फार हसून सांगत होतीस."

ऑन्कोलॉजिस्टनी स्लाइड आणि ब्लॉक घेऊन यायला सांगितलंय. लॅबमध्ये शनिवारी मिळतील. ब्लॉक म्हणजे काय, आणि नेताना काही काळजी घ्यायची असते का?

काचपट्टी
ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेले तुकडे, काडेपेटीपेक्षा लहान. पावतीवर किती ब्लॉक आणि किती स्लाइडी ते नंबर टाकून लिहून घ्या. स्लाइडी रुमालात गुंडाळू नका, लॅबकडे प्लॅस्टिकची छोटी पेटी असते ती मागा. आणि मे महिना आहे, गाडी उन्हात लावून ब्लॉक डॅशबोर्डवर ठेवू नका. मेण वितळतं.